थंडीत न्यू जर्सीत घर घ्यावं की स्प्रिंगपर्यंत थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही एच-१बी या वर्क व्हिसावर, प्लेन्सबरोला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात, लीज एप्रिलअखेर संपतेय, मुलगी सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाणार. बजेट सात लाख डॉलरपर्यंत, टाउनहाउस किंवा छोटं सिंगल फॅमिली, भारतातून आईबाबा थोडी मदत करणार आहेत. मित्रमंडळींपैकी निम्मे म्हणतायत थंडीत उरलीसुरली घरं असतात, मार्चपर्यंत थांबा, आणि निम्मे म्हणतायत थंडीतच घ्या, स्वस्तात मिळतं. नक्की काय करायचं?

मी बरीच वर्षं मध्य जर्सीत एजंट म्हणून काम करतेय, मिडलसेक्स, मर्सर आणि सॉमरसेट काउंटीत, त्यामुळे उत्तर या भागापुरतं आहे, फ्लोरिडा-टेक्सासला हे जसंच्या तसं लावू नका. माझं सरळ मत: स्वस्त मिळेल या आशेवर थंडीत येऊ नका, पण नीट बघून, पूर्ण इन्स्पेक्शन करून, दोन रात्री विचार करून घर घ्यायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीसारखा काळ नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना हे स्वस्ताईपेक्षा जास्त उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी स्वस्ताईचं बघू. देशभरात जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात कमी घरं विकली जातात आणि मे ते ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त, हे जवळपास दरवर्षीचं आहे, आणि सीझनप्रमाणे होणारा चढउतार वजा न केलेल्या किमती थंडीत थोड्या खाली येतात हेही खरं. पण त्यातला बराच भाग असा की मोठी, चांगली, शाळेजवळची घरं लोक मुद्दाम स्प्रिंगला लिस्ट करतात, म्हणजे थंडीत विकली जाणारी घरंच वेगळी असतात. तेच घर जानेवारीत दहा टक्के स्वस्त मिळतं असं आपल्या भागात तरी होत नाही. त्याचं कारण म्हणजे घरंच कमी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ पर्यंत गेला, तर ज्याच्याकडे तीन टक्क्यांच्या आतलं कर्ज आहे तो माणूस घर विकून सहा-सात टक्क्यांचं नवीन कर्ज कशाला घेईल, तो बसून राहतो. त्यामुळे एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसरमध्ये थंडीतही बरं घर आलं की दोन-तीन ऑफर येतातच. पण दोन-तीन येतात, पंधरा-वीस नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

हा फरक आकड्यात सांगते, आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. सात लाखाला लिस्ट केलेलं टाउनहाउस. एप्रिलमध्ये शुक्रवारी लिस्ट होतं, शनिवार-रविवार ओपन हाउस, सोमवारी संध्याकाळी हायेस्ट अँड बेस्ट, म्हणजे सगळ्यांनी आपली शेवटची, सगळ्यात चांगली ऑफर द्यायची. तुम्ही ते घर मोजून वीस मिनिटं बघितलेलं असतं, तेही इतर दहा कुटुंबांबरोबर. जिंकायला ७,५०,००० लिहावे लागतात, वर अप्रेझल, म्हणजे बँकेने काढलेली घराची किंमत, कमी आलं तर फरक आम्ही कॅश भरू असं लिहून द्यावं लागतं, आणि इन्स्पेक्शन फक्त माहितीसाठी करू, काही सापडलं तरी मागणार नाही, हेही. बँकेचं अप्रेझल ७,१५,००० ला आलं की वरचे ३५,००० तुमच्या खिशातून. आता तेच घर जानेवारीत. पाच आठवडे मार्केटवर आहे, एकदा किंमत कमी करून सात लाखावर आलेलं आहे, तुम्ही दोनदा जाऊन बघता, ६,९५,००० ची ऑफर देता, पूर्ण इन्स्पेक्शन ठेवता, अप्रेझलची अट ठेवता, कर्ज नाही मिळालं तर डिपॉझिट परत ही अट ठेवता, आणि इन्स्पेक्शनमध्ये फर्नेस अठरा वर्षांचा निघाला म्हणून सेलरकडून काही हजारांचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या खर्चातली सूट, घेता. लिस्टच्या किमतीपेक्षा पाचच हजार कमी दिलेत, पण तुमची जोखीम किती कमी झाली बघा.

जर्सीत अजून एक गोष्ट आहे. एजंटने बनवलेल्या काँट्रॅक्टवर दोघांच्या सह्या झाल्या की तीन बिझनेस दिवसांचा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू असतो, आणि तो संपेपर्यंत कोणीही बाहेर पडू शकतं, सेलरसुद्धा. स्प्रिंगला या तीन दिवसांत कोणी वरची ऑफर आणली आणि तुमचं घर गेलं हे सर्रास होतं, लोक रडतात अक्षरशः. थंडीत हा धोका पूर्ण जात नाही पण खूप कमी होतो, कारण मागे रांग नसते. वकिलांनाही नीट वेळ मिळतो, फक्त २० डिसेंबर ते २ जानेवारी या काळात वकील, टायटल कंपनी (घराच्या मालकीचे कागद तपासणारी), टाउनशिपचं ऑफिस, सगळेच अर्ध्या ताकदीवर असतात. त्यात वर्षअखेरीला क्लोज, म्हणजे शेवटच्या सह्या करून ताबा, करायचंय म्हणणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे ३१ डिसेंबरच्या क्लोजिंगचा हट्ट धरू नका, जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा.

थंडीत विकतं कोण, हे कळलं की बोलणी कशी करायची ते कळतं. नोकरी बदलली, दुसऱ्या राज्यात जॉइन व्हायचंय, घटस्फोट, आईवडील गेले आणि भावंडांना घर विकायचंय, नवीन घराचा ताबा मिळाला आणि दोन हप्ते चालू झालेत, अशी कारणं असतात. शिवाय सप्टेंबरला जास्त किमतीत लिस्ट केलेलं आणि पडून राहिलेलं घर. उरलीसुरली म्हणतात ती हीच शेवटची, आणि त्यातली बरीचशी घरं वाईट नसतात, किंमत चुकलेली असते. पण लिस्टिंग काढून परत टाकलं की मार्केटवरचे दिवस शून्यापासून दिसतात, म्हणून एजंटला त्या पत्त्याची जुनी हिस्टरी काढायला सांगा, आधी काँट्रॅक्टमध्ये गेलं होतं का आणि परत का आलं हे विचारा. इन्स्पेक्शनमुळे परत आलं असेल तर ती माहिती तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे. वारसांचं घर असेल तर त्यांच्याकडे विकायच्या अधिकाराचे कागद आलेत का आणि इनहेरिटन्स टॅक्सचा वेव्हर (राज्याचं ना-हरकत पत्र) लागणार आहे का हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा, नाहीतर क्लोजिंग महिनाभर सहज लांबतं. सेलर का विकतोय यापेक्षा त्याला कधी निघायचंय हे विचारलेलं बरं, कारण थंडीत तारीख हीच बऱ्याचदा किमतीपेक्षा मोठी असते. ज्याला १ फेब्रुवारीला सिअ‍ॅटलला जॉइन व्हायचंय त्याला पाच हजार जास्त देणाऱ्यापेक्षा तारखेला नक्की क्लोज करणारा बायर हवा असतो, आणि तुमची लीज एप्रिलपर्यंत आहे म्हणजे तुम्ही लवकरची तारीखही देऊ शकता आणि उशिराचीही, हे तुमचं बळ आहे, ते ऑफरमध्ये स्पष्ट लिहा.

आपल्या भागात अजून एक प्रकार वाढलाय, सेलर स्वतः भारतात परत गेलेला असतो. घर छान असतं, माणसं आपली असतात, सगळं गोड चाललेलं असतं, पण सेलर टॅक्सच्या दृष्टीने फॉरेन पर्सन (परदेशी व्यक्ती) असेल तर फिर्प्टा कायद्याखाली किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसला (अमेरिकेच्या टॅक्स खात्याला) भरायची जबाबदारी बायरची असते, म्हणजे तुमची. तुम्ही राहायला घेताय आणि किंमत तीन लाखांच्या वर पण दहा लाखांपर्यंत असेल तर हा दर १० टक्के होतो. नाही कापली तर आयआरएस तुमच्या मागे येईल, सेलरच्या नाही. वकिलाला आणि टायटल कंपनीला पहिल्या फोनमध्येच हे सांगा.

आता कर्ज. एच-१बी वाल्यांनी हे नीट वाचा. २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज (सरकारी हमीचं) नॉन-पर्मनंट रेसिडेंटना, म्हणजे ग्रीन कार्ड नसलेल्यांना, बंद झालंय, म्हणजे साडेतीन टक्के डाउन पेमेंटचा तो रस्ता तुमच्यासाठी आता नाही. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं नेहमीचं कर्ज, चालतं, व्हिसा, आय-९४ (देशात आल्याची नोंद), नोकरीचे कागद लागतात, आणि व्हिसाची मुदत जवळ आली असेल तर एक्स्टेन्शनचे कागद आधीच तयार ठेवा. प्रत्येक लेंडरची पद्धत थोडी वेगळी असते म्हणून एच-१बी कर्ज नेहमी करणारा लेंडर शोधा. दुसरं, कन्फॉर्मिंग कर्जाची (फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था विकत घेतात त्या कर्जाची) मर्यादा दर नोव्हेंबरअखेर जाहीर होते आणि १ जानेवारीपासून लागू होते. २०२५ ला ती ८,०६,५०० डॉलर होती, २०२६ ला ८,३२,७५० झाली, आणि मिडलसेक्स-सॉमरसेटसारख्या महाग काउंटीत त्याहून बरीच वर, १२,४९,१२५. तुमच्या बजेटला याने फरक पडत नाही, पण हे वाचणाऱ्या ज्यांचं बजेट मोठं आहे त्यांना जानेवारीचं कर्ज आणि डिसेंबरचं कर्ज यात फरक पडू शकतो.

सेलर क्रेडिटलाही मर्यादा असते. कन्व्हेन्शनल कर्जात दहा टक्क्यांपेक्षा कमी डाउन पेमेंट असेल तर किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंत, दहा ते पंचवीसच्या मध्ये असेल तर ६ टक्क्यांपर्यंत, आणि तेही तुमच्या खऱ्या क्लोजिंग कॉस्टपेक्षा (व्यवहाराच्या खर्चापेक्षा) जास्त नाही. थंडीत सेलर किंमत कमी करायला कुरकुरतो, शेजाऱ्यांना आकडा दिसतो ना, पण क्रेडिट द्यायला तयार होतो. बऱ्याच वेळा दहा हजार किंमत कमी करून घेण्यापेक्षा दहा हजारांचं क्रेडिट घेऊन कर्जाचा व्याजदर खाली आणलेला मासिक हप्त्यात जास्त जाणवतो. दोन्ही हिशोब लेंडरकडून लेखी मागवा आणि शेजारी ठेवून बघा.

आईबाबांच्या पैशांचं लवकर करा. भारतातून एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलं की टीसीएस, म्हणजे बँकेने पाठवतानाच घेतलेला टॅक्स, कापला जातो, तो नंतर त्यांच्या रिटर्नमध्ये धरता येतो पण तोपर्यंत पैसा अडकतो. आई आणि बाबा दोघांचे स्वतःचे पैसे असतील तर दोघांच्या खात्यातून वेगवेगळे पाठवता येतात, आणि ३१ मार्चला वर्ष संपतं म्हणून एप्रिलमध्ये क्लोजिंग असणाऱ्यांना दोन वर्षांत विभागायची सोय मिळते, सीएला विचारून करा. इकडे लेंडरला गिफ्ट लेटर आणि पैसे कुठून निघाले, कुठे पोचले याचा पूर्ण माग लागतो. वर्षात परदेशी व्यक्तीकडून एक लाख डॉलरच्या वर गिफ्ट आलं तर आयआरएसला फॉर्म ३५२० भरावा लागतो, त्यावर टॅक्स नाही पण न भरल्याचा दंड मोठा आहे.

प्रॉपर्टी टॅक्सबद्दल एकच वाक्य, सात लाखाच्या घराला वर्षाला चौदा-पंधरा हजार हे आपल्याकडे नेहमीचं आहे, बजेट ठरवताना घराची किंमत नाही तर महिन्याचा सगळा आकडा टॅक्स आणि एचओएच्या (घरमालकांच्या असोसिएशनच्या) फीसकट बघा.

आता घर बघणं, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण थंडी काही गोष्टी लपवते आणि काही अशा दाखवते ज्या जूनमध्ये कधीच दिसणार नाहीत. बहुतेक लोक फक्त पहिली बाजू सांगतात.

दिसतं काय ते आधी. बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी घरासमोर गाडी थांबवा आणि छपराकडे बघा. शेजारच्या सगळ्या छपरांवर पांढरा थर आहे आणि याच्यावर मध्येच काळे पट्टे आहेत म्हणजे आतली उष्णता वर पळतेय, अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन कमी आहे. गटरच्या कडेला जाड बर्फाचा बांध आणि लांब लोंबणारे सुळके असतील तर वितळलेलं पाणी शिंगल्सखाली शिरण्याची शक्यता असते, मग वरच्या मजल्याच्या छताला कोपऱ्यात पिवळसर डाग शोधा. आत गेल्यावर फर्नेस सुरू करून प्रत्येक खोलीत पाच मिनिटं उभे राहा, गॅरेजच्या वरची खोली नेहमी गार असते, मुलांची खोली तिथेच करणार असाल तर आत्ताच कळेल. खिडकीच्या कडेला हात धरा. इन्स्पेक्टरकडे थर्मल कॅमेरा असेल तर आत सत्तर आणि बाहेर तीस डिग्री फॅरनहाइट अशा दिवशी तो भिंतीतली गळती जितकी छान दाखवतो तितकी मे महिन्यात दाखवूच शकत नाही. सेलरकडून मागच्या जानेवारी-फेब्रुवारीची गॅस आणि विजेची बिलं मागा, काही जुन्या टाउनहाउस आणि काँडोमध्ये इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीट असते आणि त्याचं बिल बघून डोळे पांढरे होतात.

रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूच्या टेस्टसाठी थंडी उत्तम. घर बंद असतं, आत गरम हवा वर जाते आणि जमिनीखालचा वायू ओढला जातो, त्यामुळे थंडीतलं रीडिंग बहुधा वरच्या बाजूचं येतं, म्हणजे वाईटातलं वाईट काय ते कळतं. कमीत कमी ४८ तासांची टेस्ट, आधी बारा तास खिडक्या बंद. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्यावर आलं तर ईपीए (पर्यावरण खातं) दुरुस्ती करायला सांगते, आणि ती दुरुस्ती साधारण हजार-दोन हजार डॉलरमध्ये होते, म्हणजे घर सोडण्याचं ते कारण नाही, सेलरकडून करून घ्यायचं काम आहे. मर्सर, सॉमरसेटमध्ये तर ही टेस्ट कधीच सोडू नका.

झाडांना पानं नसतात याचा फायदा घ्या. उन्हाळ्यात मागे दाट हिरवळ दिसते आणि पानं गळल्यावर कळतं की पलीकडे रूट वन हायवे आहे, किंवा हायटेन्शन लाइन, किंवा नॉर्थईस्ट कॉरिडॉरचे रूळ. डिसेंबरमध्ये जे दिसतं ते खरं आहे. पण आवाज मात्र उलटा, खिडक्या बंद असल्यामुळे कळत नाही, म्हणून मागच्या अंगणात जाऊन संध्याकाळी पाच वाजता दहा मिनिटं शांत उभं राहा, कितीही गार असलं तरी. आणि डिसेंबरमध्ये साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून पहिली भेट शनिवारी अकरा ते दोनच्या मध्ये ठेवा, घरात ऊन कुठून येतं आणि ड्राइव्हवेला ऊन मिळतं का ते तेव्हाच कळतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराच्या ड्राइव्हवेवर बर्फ चार-चार दिवस तसाच राहतो.

टाउनहाउस बघत असाल तर बर्फाच्या दुसऱ्या दिवशीची फेरी अजूनच महत्त्वाची. एचओए किती वाजता रस्ता साफ करते, फुटपाथ आणि पायऱ्या साफ करते की फक्त रस्ता, बर्फाचे ढीग गेस्ट पार्किंगमध्ये टाकून पार्किंगच बंद करते का, हे कुठल्याही कागदात लिहिलेलं नसतं. कागदात मात्र हे बघा: जर्सीत २०२४ च्या जानेवारीपासून असोसिएशनला पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी रिझर्व्ह स्टडी करणं आणि त्याप्रमाणे पैसे साठवणं कायद्याने बंधनकारक झालंय, त्यामुळे वर्षानुवर्षं फी कमी ठेवलेल्या कम्युनिटीत एकदम फी वाढते किंवा स्पेशल असेसमेंट (एकरकमी जादा वर्गणी) लागते. शेवटचा रिझर्व्ह स्टडी आणि मागच्या वर्षभराच्या मीटिंगचे मिनिट्स मागवा, अ‍ॅटर्नी रिव्ह्यूमध्येच.

आता थंडी लपवते काय. पहिलं एसी. बाहेर साठ-पासष्ट डिग्रीच्या खाली असेल तर इन्स्पेक्टर एसी चालवून बघत नाहीत, कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो. मग बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवरून त्याचं वय काढा, सर्व्हिसच्या पावत्या मागा, आणि बारा-पंधरा वर्षांचं असेल तर ते गेलेलंच आहे असं धरून क्रेडिट मागा. काही लोक उन्हाळ्यापर्यंत थोडे पैसे एस्क्रोमध्ये (तिसऱ्याकडे राखून) ठेवायला सांगतात पण प्रत्येक लेंडरला ते चालत नाही, क्रेडिट सरळ असतं. दुसरं छप्पर. बर्फाखाली असेल तर इन्स्पेक्टरने रिपोर्टमध्ये दिसलं नाही असं लिहून सोडून देणं मला मान्य नाही, काँट्रॅक्टमध्येच वकिलाकडून लिहून घ्या की बर्फ वितळल्यावर छप्पर परत बघता येईल आणि तोपर्यंत इन्स्पेक्शनची मुदत वाढेल. तोवर अ‍ॅटिकमधून आतली बाजू बघून घ्यावी.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. जमीन गोठलेली असते, बेसमेंट कोरडं खडखडीत दिसतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने मॅनव्हिलसारख्या रॅरिटन नदीकाठच्या गावांत जे झालं ते इथे राहणाऱ्या सगळ्यांना आठवतं, आणि तेव्हा नदीपासून लांबची बेसमेंटसुद्धा भरली होती. बेसमेंटच्या भिंतीवर खाली पांढरी पावडर, फर्नेस आणि वॉटर हीटरच्या पायाला गंज, ड्रायवॉलचा खालचा दोन फुटांचा पट्टाच तेवढा नवीन, कोपऱ्यात मोठा डीह्युमिडिफायर, या खुणा बघा. सम्प पंपच्या (बेसमेंटमधलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो चालतो का बघा, आणि बॅटरी बॅकअप आहे का. २०२४ पासून जर्सीत सेलरला घराची स्थिती आणि पुराचा धोका दोन्ही लेखी सांगणं सक्तीचं आहे, तो फॉर्म ऑफर देण्याआधी मागा आणि पाण्याबद्दलचे प्रश्न शब्दन् शब्द वाचा. फ्लड झोनमध्ये असेल तर इन्शुरन्सचा कोट आधी घ्या.

रिकामं घर असेल तर पाइप फुटू नयेत म्हणून पाणी बंद करून ठेवलेलं असतं. पाणी, गॅस, वीज सगळं चालू केल्याशिवाय इन्स्पेक्शन करू नका, सेलर टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा. आणि काँट्रॅक्टमध्ये क्लोजिंगपर्यंत हीट चालू ठेवणं आणि बर्फ काढणं सेलरची जबाबदारी असं स्पष्ट असू द्या. फायनल वॉकथ्रूला (क्लोजिंगआधीच्या शेवटच्या फेरीला) प्रत्येक नळ सोडून बघा, इन्स्पेक्शननंतरच्या सहा आठवड्यांत एखादी कडाक्याची रात्र येऊन गेलेली असते. जुन्या घरांत पुरलेली ऑइल टँक ही जर्सीची खास डोकेदुखी आहे, टँक स्वीप (पुरलेली टँक शोधायची तपासणी) करूनच घ्या, दोन-चारशे डॉलरचा खर्च आहे आणि गळकी टँक निघाली तर सफाईचा खर्च दहा-दहा हजारांच्या उड्या मारतो. माँटगोमरी-हिल्सबरोकडे सेप्टिक असलेली घरं असतात, ती गोठलेल्या जमिनीत नीट तपासता येत नाहीत, तिथे वेळ वाढवून घ्या.

नवीन बांधकाम बघणार असाल तर डिसेंबरमध्ये बिल्डर डिस्काउंट देतात हे अर्धंच बरोबर आहे. त्यांना घाई असते ती त्यांचं आर्थिक वर्ष संपताना. टोल ब्रदर्स आणि होव्हनेनियन यांचं वर्ष ३१ ऑक्टोबरला संपतं, लेनारचं ३० नोव्हेंबरला, पल्टी आणि रायन होम्सवाली एनव्हीआर यांचं ३१ डिसेंबरला. म्हणून कोणाकडे कधी जायचं ते वेगवेगळं, आणि बांधून तयार पडलेल्या घरावरच खरी सूट मिळते, तीही बहुधा किमतीत नाही तर त्यांच्याच लेंडरकडून दर कमी करून. थंडीत ताबा मिळाला तर बाहेरची लेव्हलिंग आणि लॉन राहून जातं, ते कधी होणार हे लेखी घ्या. पहिल्या वर्षी टॅक्स फक्त जमिनीवर दिसतो आणि नंतर अ‍ॅडेड असेसमेंटचं, म्हणजे बांधलेल्या घरावरच्या टॅक्सचं, बिल येतं, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

शाळेबद्दल. सप्टेंबरच्या किंडरगार्टनची नोंदणी बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये थंडीतच सुरू होते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत पत्ता पक्का झाला तर तुमचं काम सोपं होतं. पत्ता कुठल्या शाळेत जातो हे लिस्टिंगवरून नाही, डिस्ट्रिक्टला फोन करून विचारा. आणि कुठल्या कम्युनिटीत आपली माणसं जास्त आहेत असं मला खूप जण विचारतात, फेअर हाउसिंगच्या (घर घेण्यात भेदभाव नको या) नियमांमुळे एजंटला ते सांगता येत नाही, ते तुम्ही मित्रांना विचारा, संध्याकाळी चक्कर मारून बघा.

मुहूर्ताचं विचारलं नाहीत पण घरून विचारणा होईलच. पौष नेमका डिसेंबर-जानेवारीत येतो आणि बरेच आईबाबा म्हणतात पौषात नको. माझ्या अनुभवात इथल्या गुरुजींशी बोलून लोक क्लोजिंग आणि गृहप्रवेश वेगळे ठेवतात, सह्या सेलरच्या तारखेला आणि वास्तुशांत माघात सोयीने, लीज एप्रिलपर्यंत असल्यामुळे तुम्हाला ते सहज जमेल. स्प्रिंगला थांबणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे तिथेही घरच्यांचा हाच प्रश्न येणार.

तर तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात लेंडरशी बोलून नुसतं प्री-क्वालिफिकेशन नाही, कागद तपासलेलं प्री-अप्रूव्हल घ्या. घर दाखवायच्या आधी एजंटबरोबर लेखी करार करावा लागतो, ऑगस्ट २०२४ पासून तो नियम आहे, तर सहा महिन्यांचा नको, साठ दिवसांचा करा आणि कमिशन कोण देणार हे नीट वाचा, थंडीत सेलर ते द्यायला बऱ्याचदा तयार असतो. मग ऑक्टोबरच्या आधीपासून पडून असलेली घरं आधी बघा, नवीन लिस्टिंग नंतर. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मनासारखं मिळालं नाही तर स्प्रिंग आहेच, तोपर्यंत चार-पाच इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचून तुमची नजर तयार झालेली असेल. बहुतेक अपार्टमेंटना साठ दिवसांची नोटीस लागते, म्हणजे फेब्रुवारीअखेर तुम्हाला ठरवावं लागेल. अपार्टमेंटच्या ऑफिसमध्ये आत्ताच विचारून ठेवा की महिना-महिना राहायचं झालं तर भाडं किती, आणि लेंडरचं मॉर्गेज कमिटमेंट (कर्ज मंजुरीचं पत्र) हातात येईपर्यंत घर सोडायची नोटीस देऊ नका.